ठोका काढला, घुमणं ठेवलं

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अरिहंत मगदूम पैंजणाच्या कड्या झाळत होता. डाव्या हातात चिमटा, उजव्या हातात गॅसची नळी, पुढ्यात काळवंडलेली वीट. ज्योत कडीच्या सांध्यावर टेकवायची आणि लगेच उचलायची. जरा रेंगाळली तर सांधा जुळायच्या ऐवजी कडीच वितळते. मागच्या खोलीत पॉलिशचं पिंप फिरत होतं. साबणाच्या पाण्यात, स्टीलच्या बारीक गोळ्यांबरोबर कालचे पैंजण त्यात घोळत होते आणि त्याची खरखर घरभर पसरली होती. हुपरीच्या त्या गल्लीत सकाळी जवळपास प्रत्येक घरातून अशीच खरखर येते. बाहेरच्या माणसाला ती सहन होत नाही. गल्लीतल्या माणसांना ती थांबली की जाग येते.

अरिहंतच्या कानात इअरफोन होते, पण गाणं चालू नव्हतं. फोन विटेशेजारी उताणा पडलेला होता. बंगळुरूच्या एका छोट्या संगीत कंपनीला आज संध्याकाळपर्यंत त्याला एकच गोष्ट कळवायची होती: ‘रिकामी टाकी’ नावाचा अल्बम बाहेर काढायचा की नाही. कंपनी म्हणजे एक खोली आणि तिच्यात बसणारा एक उत्साही माणूस. पण अरिहंतच्या बारा-तेरा वर्षांच्या वाजवण्यात त्याला विचारणारी ती पहिलीच कंपनी होती. आणि उत्तर त्याच्या एकट्याच्या हातात नव्हतं. ते कोल्हापुरात, उद्यमनगरात, लेथ मशीनपाशी उभ्या असलेल्या सम्राट इंगवलेच्या हातात होतं. सम्राट गेला दीड महिना त्याच्याशी बोलत नव्हता.

बँडचं नाव ‘पाणंद’. त्यात माणसं दोनच. अरिहंत गिटार वाजवायचा आणि गायचा. गाणं कमी, गुणगुणणं जास्त. सम्राट ड्रम वाजवायचा. दोघांची ओळख कोल्हापुरात डिप्लोमाला झाली. अरिहंतला मेकॅनिकलमध्ये रस नव्हता, सम्राटला होता; पण दोघेही शेवटी आपापल्या बापाच्या धंद्यात गेले. सोमवारी सम्राटच्या वर्कशॉपला सुट्टी असायची. त्या दिवशी अरिहंत हुपरीहून एसटीनं यायचा आणि वर्कशॉपच्या माडीवर दोघे वाजवत बसायचे. कार्यक्रम फार झाले नाहीत. एकदा एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांनी पंधरा मिनिटं वाजवलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोरानं ओरडून विचारलं होतं, “गाणं कवा सुरू करताय?” सम्राट ही गोष्ट पुढं कितीतरी वर्षं रंगवून सांगायचा. अरिहंत हसायचा, पण त्याला त्या पोराचा चेहरा अजून आठवतो.

टाकी सम्राटनं शोधली. त्याचे मामा सयाजी पाणीपुरवठ्याच्या टाक्या बांधायचं कंत्राट घेतात. गारगोटीच्या पलीकडे एका वाडीत त्यांनी उंच खांबांवर गोल टाकी बांधली होती. पाईपलाईन यायची होती, म्हणून टाकी कोरडी होती. मामांबरोबर सम्राट ती बघायला गेला, झाकणातून आत डोकावून त्यानं सहज हाळी दिली, आणि तिथूनच अरिहंतला फोन लावला. “अऱ्या, नुसता ऐक,” म्हणाला, आणि पुन्हा ओरडला. फोनवर सुद्धा तो आवाज विरायला इतका वेळ लागला की अरिहंतला वाटलं, फोन कटला.

मामांची परवानगी काढून उन्हाळ्यात ते सोमवारमागून सोमवार तिथं गेले. मोठा ड्रम झाकणातून आत जाईना. तो खाली गाडीतच राहिला. सम्राटनं दोन लहान ड्रम आणि एक झांज दोरीनं आत सोडली आणि तेवढ्यावरच सगळा अल्बम वाजवला. आत वीज नव्हती, म्हणून बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर. गिटार अरिहंत घरीच वाजवून आणायचा. टाकीत फक्त ड्रम आणि अरिहंतचं गुणगुणणं. दहानंतर सिमेंट तापलं, की दोघे बाहेर येऊन खांबाच्या सावलीत जेवायचे. डबा अरिहंतच्या आईचा, सुरेखाकाकूंचा. “कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय,” सम्राट प्रत्येक वेळी म्हणायचा, “तरी काकू चव कुठनं आणत्यात कुणास ठाऊक.” आणि अरिहंतच्या वाटणीची भाकरीही खायचा.

जूनमध्ये पाईपलाईन आली. टाकी भरली. आता वाडी तेच पाणी पिते. तिथं पुन्हा रेकॉर्डिंग होणं शक्य नाही.

पावसाळा सुरू झाल्यावर अरिहंत माडीवरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून गाणी जुळवत होता. तेव्हा त्याला एक सुचलं. टाकीत ड्रमचा ठोका पडला की तो संपायचा, पण त्याचं घुमणं कितीतरी वेळ भिंतींवरून फिरत राहायचं. अरिहंतनं एका गाण्यातले सगळे ठोके कापले आणि मागचं घुमणं तेवढं ठेवलं. गाणं एकदम वेगळं झालं. कोणी वाजवतंय असं वाटेना. लांब कुठंतरी काहीतरी घडून गेलंय आणि आपण उशिरा पोचलोय, असं वाटायला लागलं. त्याच्या मनात कितीतरी वर्षं जो आवाज होता तो हाच. त्यानं सातपैकी चार गाण्यांत तेच केलं. बंगळुरूच्या माणसाला पाठवलं. तो खूश झाला. मग त्यानं ते सम्राटला पाठवलं.

क्रम चुकला होता. सम्राटनं फोन केला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता, ही गोष्ट अरिहंतला तेव्हाच खटकायला हवी होती.

“ह्यात मी कुठं हाय?”

“तूच हाईस की सगळीकडं. ते घुमतंय ते तुझंच.”

“ते टाकी घुमतीया. मी वाजवलं त्ये कुठाय?”

“गाण्याला ते बरं दिसतंय, सम्या.”

“मग टाकीचं नाव घाल बँडमधी. इंगवलेंचं कशाला?” मग तो म्हणाला, “ठोके परत घाल. न्हाईतर माझं समदंच काढ.”

अरिहंतनं ना घातले, ना काढले. बघू म्हणाला. सम्राटनं त्यानंतर फोन केला नाही आणि अरिहंतचा घेतला नाही. सोमवारची एसटी बंद झाली. अरिहंतचं वय चौतीस, लग्न ठरत नाही. बघायला जातात तिथं मुलीकडचे विचारतात, नोकरी कुठं? घरी आई आणि आप्पा; बहीण आदिती लग्न होऊन सांगलीला गेलेली. सोमवारी कोल्हापूरला जाणं बंद झाल्यावर आठवड्यात कामाव्यतिरिक्त कोणाशी बोललो, याचा हिशेब करायला त्याला फार वेळ लागत नव्हता.

मग भाद्रपद आला आणि जैनांचं दशलक्षण पर्व. आईचे दहा दिवस एकवेळचे उपास. पर्व संपलं की क्षमावणी. त्या दिवशी लहानमोठा प्रत्येक जण ओळखीच्या प्रत्येकाची क्षमा मागतो: वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पूर्वी लोक त्यासाठी घरोघर जायचे. अजून जातात, पण फोनवर एक मजकूर तयार करून सगळ्यांना एकदम पाठवणं सोपं आहे. अरिहंत दरवर्षी पाठवतो. फोनमध्ये यादी बनवलेली आहे: नातेवाईक, चांदीचे व्यापारी, गॅसवाला, डिप्लोमाचे मित्र, सम्राट, सम्राटचे वडील बाळासो, त्यांच्या वर्कशॉपमधले दोघे कामगार.

यंदाची क्षमावणी सोमवारी, म्हणजे काल झाली. सकाळी मेसेज पाठवायच्या आधी अरिहंतनं यादी उघडली आणि सम्राटचं नाव काढलं. गॅसवाल्याला पाठवतो तोच मजकूर सम्राटला पाठवायचा, हे त्याला नीट वाटेना. त्याला वेगळं लिहायचं होतं, नाव घेऊन, काय चुकलं ते सांगून. बाकी सगळ्यांना मेसेज गेला. मग तो सम्राटला लिहायला बसला. दिवसभर घरात माणसं येत होती, हात जोडत होती, आई त्यांना पाणी देत होती, आणि तो जिन्यात बसून दोन ओळी लिहीत होता, पुसत होता. संध्याकाळी आप्पा म्हणाले, “आरं, देवळात तर चल की.” तो देवळात गेला. दिवस मावळला. मेसेज गेला नव्हता.

म्हणून आज त्यानं ठरवलं होतं, प्रत्यक्षच जायचं. नऊला झाळकाम थांबवून त्यानं हात धुतले.

“कुठं चाललायस?” आप्पांनी विचारलं. आप्पासो मगदूम खुर्चीत बसून घुंगरांची पाकिटं मोजत होते.

“कोल्हापूरला. सम्राटकडं.”

“आज? आज त्याचं वर्कशॉप चालू आसंल की. काल सुट्टी न्हवती का त्याला?”

अरिहंतनं चपला घातल्या. एसटी मिळाली, बसायला जागाही मिळाली.

उद्यमनगरात गणपतीनंतरचा आळस अजून पुरता उतरला नव्हता. शनिवारी सुरू झालेली मिरवणूक रविवारपर्यंत चालली होती. गुलाल गटारीच्या कडेला साचून लाल चिखल झाला होता. इंगवलेंच्या वर्कशॉपमध्ये मात्र तिन्ही लेथ सुरू होते. दारातच बाळासो स्टुलावर बसून चहा पीत होते. अरिहंतला बघताच त्यांनी कप खाली ठेवून दोन्ही हात जोडले.

“या, या! उत्तम क्षमा बरं का! तुझा मेसेज सकाळीच पोचला काल. मी म्हटलं, आमचा अरिहंत इसरत न्हाय. ह्या आमच्या फिटरला बी आला, तो मला विचारतोय, मालक, ह्यो माझी माफी कशापायी मागतोय?” बाळासो मोठ्यानं हसले. आतला फिटरही हसला.

सम्राट पाठमोरा होता. लेथवर लोखंडाची साल निघत होती, निळसर, गुंडाळी होऊन खाली पडत होती. तो वळला नाही. त्या क्षणी अरिहंतला पहिल्यांदा कळलं की काल या वर्कशॉपच्या माणसांत मेसेज न मिळालेला माणूस एकच होता.

काम पुरं झाल्यावर सम्राटनं मशीन बंद केलं आणि फडक्याला हात पुसत तो बाहेर आला. मिरवणुकीत ताशा वाजवून त्याच्या बोटांना फोड आले होते, त्यांवर पांढऱ्या पट्ट्या होत्या.

“या पावणं,” तो म्हणाला. “च्या घेनार?”

परक्या माणसाला म्हणतात तसं ‘पावणं’. बाळासोंनी कप उचलला आणि ते आत गेले.

“सम्या, असलं बोलू नगंस.”

“मग कसलं बोलू? तुझ्या आईचा मेसेज आला. आप्पांचा आला. आदितीचा आला सांगलीवरनं. पप्पांना तुझा आला, फिटरला तुझा आला. मला न्हाय.”

“तुला येगळं लिहिणार हुतो.”

“कुठाय?”

“जमलं न्हाय लिहायला.”

“अल्बमभर गाणी जमली की.” सम्राट बोटावरची पट्टी चापून बसवत होता. “दरवर्षी यायचा तुझा. मी कधी उत्तर बी दिलं न्हाय, फॉरवर्ड हाय म्हणून. औंदा दिवसभर फोन बघत बसलो. सुट्टी हुती. घरातच हुतो.”

अरिहंतला काहीतरी बोलायचं होतं. यादीतून नाव का काढलं हे त्यानं सांगितलंही. सांगताना त्यालाच ते बनवून आणल्यासारखं वाटलं. सम्राटनं ऐकून घेतलं.

“बरं. मग काल का न्हाय आलास?”

अरिहंतनं खिशातल्या फोनवर हात ठेवला.

“आज काय हाय?”

“बंगळुरूला आज कळवायचं हाय. शेवटचा दिस.”

“व्हय. ते पप्पांना काय ठाऊक न्हाय, मला ठाऊक हाय. तूच सांगितल्यालास जुलैमधी.” सम्राटचा आवाज साधाच होता, एखाद्या भागाचं माप सांगावं तसा. “म्हणजे क्षमेच्या दिवशी न्हाय आलास. कंपनीच्या दिवशी आलास.”

“ठोके परत घालतो. आजच. चारीच्या चारी गाण्यांत.”

“आता नगं.”

“सम्या…”

“आता घातलेस तर माझ्यासाठी न्हाय घालणार, अल्बम निघावा म्हणून घालणार. मला नगंत तसले. सगळं काढ. ठोके बी काढ, घुमणं बी काढ. ते माझंच हाय म्हणालास न्हवं? मग काढ.”

आतून कोणीतरी त्याला हाक मारली. तो गेला. दोन मिनिटांनी एक कामगार अर्धा कप चहा घेऊन बाहेर आला. अरिहंतनं तो उभ्यानं प्यायला, कप स्टुलावर ठेवला आणि तो स्टँडकडं चालायला लागला.

एसटीत बंगळुरूहून फोन आला. अरिहंतनं काय झालं ते हिंदीत थोडक्यात सांगितलं. पलीकडचा माणूस समजूतदार होता. त्याचं म्हणणं एवढंच, की ठोके तर कधीचेच कापलेत. उरलंय ते वातावरण. ते कोणाचं आहे हे ओळखणार कोण? तीन गाण्यांत ड्रम आहेत, ती गाळू. चार गाण्यांची छोटी आवृत्ती काढू, तुझ्या एकट्याच्या नावानं. तुझ्या मित्रालासुद्धा सिद्ध करता येणार नाही. अरिहंत म्हणाला, संध्याकाळी सांगतो.

हे सगळं खरं होतं. कसलाही करार झालेला नव्हता. ऐकणाऱ्याला ते घुमणं कशाचंही वाटलं असतं: पावसाचं, यंत्राचं, देवळातल्या घंटेचं.

घरी येऊन तो माडीवर गेला आणि लॅपटॉप उघडला. आधी त्यानं सम्राटचा भाग पूर्ण बंद करून चारही गाणी वाजवली. गिटार दोन सूर वाजवायची आणि थांबायची. तिला थांबवलं होतं ते टाकीचं घुमणं यावं म्हणून. आता तिथं काहीच येत नव्हतं. पुन्हा दोन सूर, पुन्हा थांबणं. मधूनमधून त्याचं स्वतःचं गुणगुणणं, लांबून. ते ऐकताना गाणं अर्धवट सोडून कोणी उठून गेलंय असं वाटत होतं. मग त्यानं घुमणं परत चालू केलं आणि तीच चार गाणी पुन्हा ऐकली. ती चांगली होती. याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. त्यानं आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं ते.

तिसऱ्या गाण्यात एका ठिकाणी एक ठोका कापायचा राहून गेला होता. फार हलका, झांजेच्या कडेला काठी नुसती लागली होती. इतके दिवस त्याच्या लक्षात आला नव्हता. त्यानं तो तीनदा ऐकला. मग फोन घेतला आणि बंगळुरूला लिहिलं, की अल्बम दोघांचा आहे, एकाची परवानगी नाही, त्यामुळे काढता येणार नाही. तुमच्या पानावर जाहिरात लावली आहे तेवढी कृपया उतरवा. उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र आलं. तासाभरानं त्यानं त्या कंपनीचं पान उघडून बघितलं. जाहिरात उतरवलेली होती.

मग सम्राटला लिहिलं. यावेळी पुसावं लागलं नाही. ‘अल्बम थांबवला. चार गाणी तुझ्याशिवाय निघत होती, ती पण थांबवली. तुझं काही बाहेर जाणार नाही.’ दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. खाली ‘टायपिंग’ असं काही आलं नाही. तो थोडा वेळ स्क्रीनकडं बघत बसला, मग स्क्रीन आपोआप विझली.

“अरिहंत, खाली ये! दिवस बुडायला लागला,” आईनं जिन्यातून हाक मारली. या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात.

ताटावर आईनं विचारलं, “सम्राटला का न्हाय आणलास? किती दिवस झालं आला न्हाय तो.”

“कामात होता.”

“काल मी त्याला मेसेज टाकला. त्यानं लगेच लिहिलं बघ.” सुरेखाकाकूंनी फोन काढून चष्मा लावला आणि वाचलं, “‘काकू, तुम्ही कसली क्षमा मागताय. मलाच करा.’ गुणाचं पोरगं हाय. तुला काय लिहिलं त्यानं?”

“काही नाही.”

“तू टाकला हुतास न्हवं त्याला?”

अरिहंतनं भाकरीचा तुकडा मोडला. आप्पांनी मुलाकडं एकदा बघितलं आणि आमटीचं भांडं त्याच्याकडं सरकवलं.

“ते लाईटचं बघितलंस का गल्लीच्या ग्रुपवर?” ते म्हणाले.

“न्हाय. काय?”

“उद्या लाईट बंद ठेवणार हायेत. तारांचं काम हाय.”

अरिहंतनं फोन उघडला. सम्राटकडून काही आलेलं नव्हतं. गल्लीच्या ग्रुपवर सूचना होती: बुधवारी सकाळी नऊ ते दुपारी एक वीजपुरवठा बंद राहील. म्हणजे उद्या पॉलिशचं पिंप पाचलाच सुरू करावं लागेल आणि झाळकाम नऊच्या नंतर.